प्रवेशपत्र आले, पैशाचे काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मी सुचविला तेव्हा संयोजकांच्या चेहऱ्यावर थोडे आश्चर्य उमटलेले मी पाहिले. अमेरिकेतील विद्यापीठांचे पदव्युत्तर प्रवेश, तिथली विद्यावेतने आणि निकालाची वाट पाहत बसलेली आपली मुले, हा विषय समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न त्यांनी तोंडाने विचारला नाही, हा त्यांचा सभ्यपणा. पण तो प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देऊनच मी पुढे जाईन.

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांपैकी १,९६,५६७ पदव्युत्तर अभ्यासक्रमांत होते. त्या वर्षी चीनला मागे टाकून भारत या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. एवढी मुले केवळ कारखानदारांच्या आणि बड्या डॉक्टरांच्या घरात जन्माला आलेली नाहीत. त्यांत शिक्षकांची, एस.टी. वाहकांची, ऊस लावणाऱ्या मध्यम शेतकऱ्यांची मुले आहेत आणि त्यांच्यासाठी राहते घर किंवा विहिरीखालची जमीन बँकेकडे तारण पडलेली आहे. आपल्यापैकी जे तालुक्याच्या गावी काम करतात, त्यांच्याकडे अशी मुले कागद घेऊन येतात. सात-बाराचा उतारा कसा वाचावा हे आपण लोकांना शिकविले. हा कागद कसा वाचावा हेही आपल्याला ठाऊक असले पाहिजे. दुसरे कारण असे, की दानधर्माच्या भाषेत लिहिलेला हा व्यवहार मुळात श्रमाच्या खरेदी-विक्रीचा आहे. श्रमाच्या बाजाराचा अभ्यास करणे हे आपले जुने काम आहे.

प्रथम व्यवहाराचे स्वरूप सांगतो. अर्ज डिसेंबरात किंवा जानेवारीच्या आरंभी जातात. प्रत्येक अर्जाला शुल्क असते. ते बहुधा पाऊणशे ते सव्वाशे डॉलर्सच्या घरात जाते आणि नकार आला तरी परत मिळत नाही. आठ-दहा ठिकाणी अर्ज करायचे म्हटले तर उत्तर येण्यापूर्वीच घरातून पाऊण-एक लाख रुपये गेलेले असतात, आणि परीक्षांचे शुल्क त्याखेरीज. पुढे विभागातील प्राध्यापकांची एक समिती ते अर्ज वाचते. निकाल जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत केव्हाही येतो. त्याला ठरलेली तारीख नसते. तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र. म्हणून पत्रे येतात तीही रात्री. माझ्या विद्यार्थ्यांच्या घरांतील फेब्रुवारी-मार्चची जागरणे मी पुष्कळ वर्षे जवळून पाहिली आहेत. शिफारसपत्र लिहिणारा मास्तर हाही त्या जागरणाचा अर्धा भागीदार असतो.

यात एक भेद कार्यकर्त्यांनी पक्का ध्यानात ठेवावा. दोन वर्षांची मास्टर्स पदवी आणि डॉक्टरेट या दोन वेगळ्या बाजारपेठा आहेत. मास्टर्सचा विद्यार्थी हा बहुतांशी विद्यापीठाचा गिऱ्हाईक असतो. शुल्क तो भरतो आणि त्या शुल्कावर विभागाचे इतर खर्च चालतात. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला बऱ्याच विद्यापीठांत शिक्षणशुल्क माफ होते आणि वर विद्यावेतन मिळते. त्याच्या मोबदल्यात तो पदवीच्या वर्गांना शिकवतो, उत्तरपत्रिका तपासतो किंवा प्रयोगशाळेत राबतो. एकाच विद्यापीठाच्या एकाच शिक्क्याची दोन पत्रे असतात. एक देणेकरी बनवते, दुसरे नोकरी देते. आपल्याकडे पेढे मात्र दोन्हींना सारखेच वाटले जातात.

शिवाय प्रवेश आणि अर्थसाहाय्य हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. ‘आपणांस प्रवेश देण्यात आनंद होत आहे’ असे पत्र येते आणि पैशाविषयी त्यात अवाक्षर नसते. ‘अर्थसाहाय्याचा विचार पुढे होईल’ असे एखादे वाक्य असले तर मुले त्याचा अर्थ ‘होकार’ असा लावतात. तो अर्थ त्यात नाही.

आता वाट पाहावी का लागते, याकडे येतो. माझ्यातला अर्थशास्त्राचा मास्तर इथे थोडा वेळ घेईल, क्षमा असावी.

विभागाकडे समजा दहा विद्यार्थ्यांपुरता पैसा आहे. दहाच जणांना पत्रे पाठविली तर त्यांतले निम्मे दुसरीकडे जातील हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो अठरा-वीस पत्रे पाठवतो. सगळ्यांनीच होकार दिला तर पंचाईत. म्हणून थोडी पत्रे आधी आणि उरलेल्यांना प्रतीक्षायादी. तिकडे एखाद्या हुशार मुलीच्या हातात सहा पत्रे असतात. तिला जायचे एकाच ठिकाणी, पण निर्णय होईपर्यंत सहाही जागा अडलेल्या राहतात आणि त्या सहा जागांमागे प्रतीक्षायादीवरची सहा माणसे उभी असतात. प्रत्येकाचे वागणे आपापल्या परीने शहाणपणाचे, आणि सगळ्यांचे मिळून होते ते एप्रिलपर्यंतचे ताटकळणे.

हा प्रश्न गणिताने सुटतो, हे डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी १९६२ साली एका छोट्या निबंधात दाखवून दिले. त्यांची कल्पना साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपला पसंतीक्रम द्यावा, प्रत्येक संस्थेने आपला द्यावा. विद्यार्थी पहिल्या पसंतीच्या दाराशी जातो. संस्था आपल्या जागांइतके उमेदवार तूर्त राखून ठेवते, बाकीच्यांना नकार देते. नकार मिळालेले पुढच्या दाराशी जातात. तिथे आधीचे राखलेले आणि नवे आलेले यांची पुन्हा तुलना होते. असे करता करता शेवटी अशी स्थिती येते, की आपापली मिळालेली जोडी सोडून एकमेकांकडे जाण्यात ज्या दोघांचेही हित आहे असा एकही विद्यार्थी आणि संस्था उरत नाही. अमेरिकेत नव्या डॉक्टरांना रुग्णालये वाटून देण्याची मध्यवर्ती व्यवस्था १९५२ पासूनच चालू होती. ती जवळजवळ याच रीतीने चालते असे अल्विन रॉथ यांनी १९८४ मध्ये दाखविले. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते या कामासाठी.

या गोष्टीला दोन पुरवण्या आहेत आणि आपल्या दृष्टीने त्याच अधिक बोलक्या आहेत. गणित असे सांगते, की पहिले पाऊल टाकणाऱ्या बाजूला झुकते माप मिळते. १९५२ च्या व्यवस्थेत ते पाऊल रुग्णालयांचे होते. उमेदवारांच्या बाजूने मांडलेली रीत लागू व्हायला १९९८ साल उजाडले. दुसरी पुरवणी पगाराची. एकदा यंत्राने जोडी लावली की वाटाघाट उरत नाही. ही व्यवस्था निवासी डॉक्टरांचे वेतन दाबून ठेवते, असा दावा २००२ मध्ये न्यायालयात दाखल झाला. २००४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून या व्यवस्थेला मक्तेदारीविरोधी कायद्यातून संरक्षण दिले आणि दावा बारगळला. म्हणून ‘सगळे मध्यवर्ती करा, म्हणजे न्याय होईल’ असे म्हणण्यापूर्वी आपल्यासारख्यांनी जरा थांबावे. यंत्र कुणाच्या बाजूने पहिले पाऊल टाकते आणि दराची घासाघीस कुठे होते, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

डॉक्टरेटच्या प्रवेशांत अशी मध्यवर्ती व्यवस्था सर्वसाधारणपणे नाही. तिथे आहे ती एक तारीख: १५ एप्रिल. अमेरिकेतील पदव्युत्तर विद्यापीठांच्या परिषदेचा एक ठराव आहे आणि शेकडो विद्यापीठांनी त्यावर सह्या केलेल्या आहेत. त्याचा आशय असा, की अर्थसाहाय्याच्या देकाराला विद्यार्थ्याने १५ एप्रिलच्या आत उत्तर दिलेच पाहिजे असे बंधन नाही. आणि आधी होकार दिला असला तरी त्या तारखेपर्यंत लेखी कळवून तो मागे घेता येतो. ही तारीख नसती तर काय झाले असते? ‘आठ दिवसांत सही करा, नाहीतर जागा गेली’ असा सौदा प्रत्येक विभागाने केला असता आणि गरजू मुलाने पहिल्या कागदावर सही केली असती. मुकादमाने नाक्यावर सकाळी सहा वाजता बोललेला दर मजूर का स्वीकारतो, हे तुम्हांला मी सांगायला नको. सात वाजता दुसरा मुकादम येईल की नाही, हे त्याला ठाऊक नसते.

पण हा ठराव म्हणजे कायदा नव्हे. सही न केलेल्या विद्यापीठाला तो लागू नाही. ज्या पत्रात पैसा नाही, नुसता प्रवेश आहे, त्यालाही तो लागू नाही. मास्टर्सची विद्यापीठे अनामत रकमेसाठी आपापल्या तारखा लावतात. शिवाय सही केलेल्या विद्यापीठांतले विभागसुद्धा ‘शक्य तो लवकर’ कळविण्याची गळ घालतात. आपल्या मुलांना ती आज्ञा वाटते, कारण प्राध्यापकाला ‘थांबा’ म्हणण्याची सवय आपण त्यांना लावलेली नाही. विनयाने, पण ठरावाचा उल्लेख करून, मुदत मागावी. ती सहसा मिळते. आणि जिथे जायचे नाही हे ठरले, तिथे त्याच दिवशी नकार कळवावा. सहा पत्रे मिरवत एप्रिलपर्यंत बसणाऱ्या मुलांना मी दर वर्षी हे सुनावत असे. प्रतीक्षायादीवरचा तो अनोळखी मुलगा एखाद्या वेळी नागपूरचाच असतो.

आता देकार तोलावयाचे कसे, ते पाहू. इथे घरोघर जो हिशेब होतो तो एका आकड्याचा असतो. कुणाचे विद्यावेतन मोठे, तो देकार मोठा. एक काल्पनिक उदाहरण घेतो. एका किनाऱ्यावरच्या महानगरातले विद्यापीठ वर्षाला ३८,००० डॉलर्स देते. मध्य-पश्चिमेकडील एका लहान गावातले सरकारी विद्यापीठ २८,००० देते. डॉलरचा भाव लावून मामा सांगतात, की दहा हजारांचा फरक म्हणजे आठ-नऊ लाख रुपये! पण महानगरात एका खोलीचे भाडे महिन्याला १,७०० आणि लहान गावात वाटून घेतलेल्या घरातले ७०० धरा. वर्षाचे भाडे एकीकडे २०,४००, दुसरीकडे ८,४००. उरले १७,६०० आणि १९,६००. शिक्षणशुल्क माफ असले तरी ‘विद्यार्थी शुल्क’ नावाची एक वसुली वेगळी असते. ती एकीकडे १,८०० आणि दुसरीकडे ६०० धरली तर उरतात १५,८०० आणि १९,०००. ‘लहान’ देकार तीन हजारांनी मोठा ठरला. आकडे मी धरलेले आहेत. पण हिशेबाची रीत खरी आहे, आणि ती मामांच्या रीतीहून वेगळी आहे.

याच्याही पुढे जावे लागते. रक्कम नऊ महिन्यांची की बारा महिन्यांची? उन्हाळ्यात पैसा नसेल तर तीन महिने खायचे काय? आरोग्यविम्याचा हप्ता कोण भरणार? तिकडे ही बाब गौण नाही. पाय मोडला तर वर्षाचे विद्यावेतन एका रात्रीत संपू शकते. कराचेही पाहावे लागते. १९८६ च्या करसुधारणा कायद्यापासून विद्यावेतनाचा राहण्या-खाण्यावर जाणारा भाग करपात्र आहे. भारत आणि अमेरिका यांच्या करकरारातील एकविसाव्या कलमामुळे आपल्या विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट घेता येते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. आणि हे माहीत नसल्यामुळे ती न घेणारी मुले मी पाहिली आहेत. पहिला पगार सप्टेंबरात हाती येतो. विमानभाडे, व्हिसाची शुल्के, घराची अनामत आणि पहिले भाडे ऑगस्टपर्यंत द्यावे लागते. ‘पूर्ण अर्थसाहाय्य’ मिळालेल्या मुलालाही म्हणून आधी दोन-तीन लाखांची सोय पाहावी लागते. ही सोय करणारी एखादी सहकारी पतसंस्था जर आपल्या कार्यकर्त्यांनी उभी केली, तर पुष्कळ भाषणांपेक्षा ते मोठे काम होईल.

सर्वांत महत्त्वाचा शब्द मात्र पत्राच्या शेवटी असतो. ‘पाच वर्षांची हमी, समाधानकारक प्रगती आणि निधीची उपलब्धता यांच्या अधीन राहून.’ यातली पहिली अट समजण्यासारखी आहे. दुसऱ्या अटीचा अर्थ असा, की जोखीम विद्यापीठाची नाही, विद्यार्थ्याची. हा निधी कुठून येतो ते विचारले पाहिजे. अध्यापन-साहाय्यकाचा पैसा बहुधा विभागाच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून येतो. पदवीचे वर्ग भरताहेत तोवर तो येत राहतो. संशोधन-साहाय्यकाचा पैसा एखाद्या प्राध्यापकाला सरकारकडून मिळालेल्या अनुदानातून येतो. अनुदान संपले, किंवा त्या प्राध्यापकाशी खटके उडाले, की पाय उखडतात. एकाच माणसाच्या मर्जीवर शिक्षण, पगार आणि देशात राहण्याचा हक्क अशा तीनही गोष्टी टांगलेल्या असणे, याला सरंजामशाहीत वेगळे नाव होते.

आणि पैसा तुटला तर बाहेर काम करून शिकता येईल का? जयप्रकाशजी १९२२ मध्ये कॅलिफोर्नियाला पोचले. बर्कलेचे शुल्क दुप्पट झाल्यावर त्यांना ते विद्यापीठ सोडून आयोवाला जावे लागले. द्राक्षांच्या मळ्यांत, फळे डबाबंद करण्याच्या कारखान्यात, उपाहारगृहांत राबून त्यांनी आपले शिक्षण चालविले आणि १९२९ पर्यंत तिथे काढली. ही कथा सांगून आपण मुलांना स्वावलंबन शिकवतो. पण विद्यार्थी-व्हिसावर आज सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास, तेही विद्यापीठाच्या आवारात, एवढीच साधारणतः मुभा आहे. परवानगीवाचून बाहेर भांडी घासली तर व्हिसा जातो. जयप्रकाशजींचा मार्ग आज बेकायदा आहे, हेही कथेबरोबर सांगावे.

माझ्या एका विद्यार्थिनीची हकीकत इथे सांगण्याजोगी आहे. वडील यंत्रमागावर कामाला. तिच्या हातात दोन पत्रे होती. एका फार नावाजलेल्या विद्यापीठात मास्टर्स, त्यासाठी पंचावन्न लाखांचे कर्ज. आणि गावात कुणी नाव न ऐकलेल्या एका सरकारी विद्यापीठात डॉक्टरेट, शुल्क माफ, वर बेताचे विद्यावेतन. नातलगांचे मत पहिल्याकडे. बँकेचा माणूसही पहिल्याच्या बाजूने फार आपुलकीने बोलत होता. वडिलांनी मला एकच विचारले: ‘सर, ह्यातलं कुठलं काम आणि कुठलं कर्ज?’ महिना-महिना देकारपत्रे वाचणाऱ्या शिकलेल्या माणसांना जो प्रश्न सुचला नव्हता, तो त्यांना सुचला. मुलगी डॉक्टरेटला गेली. तिथे तिला पहिल्या वर्षी पासष्ट मुलांच्या वहीतपासणीचे काम मिळाले आणि दुसऱ्या वर्षी ती तिथल्या विद्यार्थी-कामगार संघटनेची सभासद झाली.

या संघटनांचा इतिहास आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन शहरात अध्यापन-साहाय्यकांनी १९६६ मध्ये संघटना स्थापन केली आणि १९७० मध्ये संप केला. खासगी विद्यापीठांत मात्र ‘तुम्ही विद्यार्थी, कामगार नव्हे’ हे उत्तर दीर्घकाळ चालले. राष्ट्रीय श्रम-संबंध मंडळाने २००० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रकरणी त्यांना कामगार मानले, २००४ मध्ये ब्राऊनच्या प्रकरणी ते मत फिरविले आणि २०१६ मध्ये कोलंबियाच्या प्रकरणी पुन्हा कामगार मानले. सरकार बदलले की माणसाची जात बदलते, असा हा प्रकार. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व आवारांत मिळून सुमारे ४८,००० शैक्षणिक कामगार संपावर गेले. पोस्ट-डॉक्टरल संशोधकांचा समेट आधी झाला. विद्यार्थी-कामगार नाताळच्या तोंडावर कामावर परतले ते करार करूनच. अध्यापन-साहाय्यकांचे वर्षाला सुमारे २३,००० डॉलर्स असलेले किमान वेतन दोन वर्षांत सुमारे ३४,००० पर्यंत नेण्याचे त्यात ठरले. आज एखाद्या मराठी घरात कॅलिफोर्नियाचे पत्र उघडून मोठा आकडा पाहून आनंद होत असेल, तर तो आकडा कुणी लिहिला हे त्या घराला कळले पाहिजे. आपल्या मुलांना धास्ती असते, की संघटनेत गेले तर व्हिसावर गदा येईल. संघटनेचे सभासदत्व ही व्हिसाच्या नियमांत आडकाठी नाही. धास्तीला मात्र अलीकडच्या काळाने खतपाणी घातले आहे, हे मान्य केले पाहिजे.

२०२५ साल या दृष्टीने वाईट गेले. अमेरिकन सरकारने संशोधनाची अनुदाने गोठविली, काही रद्द केली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने जीववैद्यक डॉक्टरेटसाठी दिलेले प्रवेशाचे देकार मार्चमध्ये मागे घेतले. इतर काही विद्यापीठांनी जागा कमी केल्या. मेअखेरीस विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखती देणे सुमारे तीन आठवडे थांबविण्यात आले. ‘निधीच्या उपलब्धतेच्या अधीन’ हा शब्द इतकी वर्षे पत्राच्या तळाशी निजून होता. तो त्या वर्षी उठून बसला. तिथल्या स्वतःच्या नागरिकांनाही सवलत नाही: पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीची एक मोठी संघराज्यीय कर्जयोजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद करण्याची तरतूद २०२५ च्या कायद्यात झाली.

अमेरिकेला नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या सरकारने त्याच वर्षी काय केले? परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्तीची योजना १९५४-५५ पासून चालू आहे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी ती आहे. जागा अवघ्या १२५. २०२५ मध्ये निवड झाली १०६ जणांची. त्यांपैकी पहिल्या फेरीत फक्त ४० जणांना मंजुरीची पत्रे मिळाली आणि उरलेल्या ६६ जणांना सांगण्यात आले, की निधी उपलब्ध झाल्यास पत्रे मिळतील. तोच शब्द! त्यापूर्वी, २०२२ मध्ये, भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या योजनेतून वगळण्यात आले होते. जातिव्यवस्थेवर कोलंबियात निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्याला आज ही शिष्यवृत्ती मिळाली असती का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तो विद्यार्थी १९१३ मध्ये तिथे गेला तो बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर: महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार. बाबासाहेबांचे ग्रंथ आपण वाचतो. हा करार वाचत नाही. मुदत संपली तेव्हा ते लंडनला होते. १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडले, तेही मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठविल्यावर आणि छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य मिळाल्यावर. निधी तुटणे म्हणजे काय, ते या तीन वर्षांत आहे. त्यांना परतण्यासाठी विद्यापीठाने मुदत दिली होती. आजच्या ६६ जणांना विद्यापीठाने जागा राखून ठेवावी, अशी अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

देशातल्या देशात संशोधन करणाऱ्यांची स्थितीही ओझरती सांगतो, कारण मुलगा परदेशी जायचे ठरवतो तेव्हा त्याच्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात हेच असते. कनिष्ठ संशोधक अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. त्याआधी ती ३१,००० होती. पण ती मिळते राष्ट्रीय परीक्षेत वरचा क्रमांक लावणाऱ्यांना. केंद्रीय विद्यापीठांतील इतर संशोधकांसाठी ८,००० रुपयांची वेगळी छात्रवृत्ती आहे. तीही २०१५ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला होता आणि दिल्लीत विद्यार्थी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दारात ठाण मांडून बसले तेव्हा तो मागे पडला. डिसेंबर २०२२ मध्ये अल्पसंख्य विद्यार्थ्यांची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती बंद करण्यात आली. आठ हजारांत पुण्यात खोली मिळत नाही. मुले जातात ती सगळीच डॉलरच्या मोहाने जातात, असे म्हणणाऱ्यांनी ही बेरीज एकदा करून पाहावी.

शेवटी एका तारखेच्या विसंगतीकडे आपले लक्ष वेधतो. अमेरिकेतील विद्यापीठ १५ एप्रिलपर्यंत होकार मागते. २०२५ मध्ये राष्ट्रीय शिष्यवृत्तीची निवडयादी आली जुलैत. म्हणजे भूमिहीन शेतमजुराच्या मुलाने एप्रिलमध्ये कोऱ्या खिशाने सही करायची, अनामत कुणाकडून तरी उसनी आणून भरायची, आणि जुलैत सरकार निधीची उपलब्धता पाहणार. ज्याच्या बापाकडे पैसा आहे, त्याला ही तीन महिन्यांची दरी दिसतही नाही. ती बुजवायला मोठा पैसा लागत नाही. अर्ज आधीच्या वर्षी ऑक्टोबरात मागवावेत. निवड मार्चअखेर जाहीर करावी. निवड झालेल्या प्रत्येकाला पूर्ण मुदतीची, बिनशर्त हमी लेखी द्यावी. आणि राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्यांनाही हेच वेळापत्रक लावावे. या मागण्यांच्या निवेदनाचा मसुदा मी लिहून आणला आहे. संयोजकांकडे त्याच्या प्रती आहेत. आपापल्या जिल्ह्यांतील ज्या मुलांना निवड होऊनही पत्र मिळालेले नाही, त्यांची हकीकत त्यांच्या संमतीने जोडावी, आणि मसुद्यात ज्या दुरुस्त्या सुचवायच्या असतील त्या आज सायंकाळच्या बैठकीपूर्वी माझ्याकडे द्याव्यात.